एल्डनच्या हौद्याला अस्तर

एल्डन स्लॅडकी पवनचक्क्या दुरुस्त करायचा. सेहेचाळीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत माणसांपेक्षा गुरं जास्त, आणि गुरांना पाणी चक्कीचं. चक्की बंद पडली की उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी टाकी तळाला जाते आणि तिसऱ्या दिवशी गुरं कुंपण मोडतात. त्यामुळे बोलावणं आलं की एल्डन जेवण अर्धं टाकून निघायचा. त्याची बायको आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं कामाला होती. अर्धं टाकलेलं ताट उचलून झाकून ठेवणं तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

चाळीस फुटांच्या मनोऱ्यावरून एल्डन कधी पडला नाही. वर गेलं की कमरेला पट्टा असायचा आणि कामात लक्ष असायचं. तो पडला तो पिकअपच्या हौद्यातून, जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवरून, आणि तेही दोनदा. पहिल्यांदा पाइपवरून पाय घरंगळला आणि मनगट मोडलं. दुसऱ्यांदा, दोन हिवाळ्यांपूर्वी, हौद्याच्या उघड्या पत्र्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. हौद्याच्या मागच्या, पाडलेल्या फाळक्यावरून तो मागच्या मागे गोठलेल्या जमिनीवर आला. कमरेचं हाड मोडलं. रँचचा मालक गुरांकडे फेरी मारायला येईपर्यंत तो दोन तास आभाळाकडे बघत पडून होता. चक्की मात्र तो पडायच्या आधीच दुरुस्त झालेली होती आणि त्याच्या डोक्यावर व्यवस्थित फिरत होती, हे तो नंतर सगळ्यांना आवर्जून सांगायचा.

इस्पितळात आर्डिस त्याच्या खाटेशेजारी बसली होती. ती म्हणाली, "आणखी एकदा हौद्यातून पडलास, की मनोऱ्यावर चढणं बंद."

"हौद्याचा आणि मनोऱ्याचा काय संबंध?"

"संबंध मी लावलाय. दे हात."

त्यानं हात दिला. त्या मुलखात हात दिला की कागद लागत नाही. आणि तिथली वस्ती एवढीशी, की आठवडाभरात ही गोष्ट चर्चमध्ये, को-ऑपरेटिव्हच्या दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर आणि पोस्टात सगळ्यांना ठाऊक झाली.

दोन हिवाळे गेल्यावर, सप्टेंबरच्या सुरुवातीला जुन्या पिकअपचा सांगाडा मधोमध तडकला. एल्डननं सत्तराव्या वर्षी नवी गाडी घेतली, पांढरी. हौदा आठ फुटांचा आणि आतून इतका चकचकीत, की आर्डिसनं वाकून त्यात आपले केस नीट केले. या हौद्यात पाइप, गज, साखळ्या, कप्प्या आणि तेलाचे डबे पडायचे होते. नुसत्या रंगावर ते महिनाभरसुद्धा चाललं नसतं. अस्तर लागणार होतं. पण एल्डनला रंगाची फिकीर फारशी नव्हती. जुन्या हौद्यात पोचा पडला नव्हता अशी वीतभर जागा सापडली नसती, आणि त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. त्याला फिकीर होती पायांची. हौद्यात उभं राहिल्यावर ज्या अस्तरावर पाय धरून राहील, ते अस्तर त्याला वर चढू देणार होतं. जे घसरेल, ते त्याला कायमचा खाली उतरवणार होतं.

तालुक्याच्या गावी ट्रूडी ऑल्सनचं अस्तरं बसवायचं दुकान होतं. ट्रूडी चाळिशीची, दणकट, बोलकी. तिच्या वडिलांच्या सहाही चक्क्या एल्डननं सांभाळल्या होत्या, म्हणून ती त्याला अजून लहानपणासारखी मिस्टर स्लॅडकीच म्हणायची.

"तीन तऱ्हा आहेत," तिनं सांगितलं. "एक फवारून बसवायचं. डांबरासारखं दिसतं, सँडपेपरसारखं लागतं. एकदा बसलं की गाडी मोडीत जाईपर्यंत निघत नाही. दुसरं प्लास्टिकचं घमेलं, हौद्याच्या मापाचं. वरून ठेवायचं, चार ठिकाणी आवळायचं. तिसरी रबराची जाड चटई, नुसती अंथरायची. चौथा गालिचापण मिळतो, पण तो गोल्फच्या काठ्या नेणाऱ्यांसाठी."

"पाय कशावर घसरत नाही?"

"फवाऱ्यावर नाही घसरत. रबरावरही नाही. प्लास्टिकवर मात्र ओलं असलं की स्केटिंग करा."

"मग फवारा."

"पण गुडघे टेकता का तुम्ही हौद्यात?"

"दिवसाला वीसदा."

"मग महिन्याला एक विजार धरा," ट्रूडी म्हणाली. "आणि गुडघ्याचं कातडं वेगळं."

एल्डननं विचार करतो म्हणून सांगितलं आणि पाच आठवडे विचार केला. चक्कीबाबत तो असा कधीच नव्हता. तिथं कान लावला की रोग कळायचा. इथं कान लावायला काही नव्हतं, फक्त लोकांची मतं होती. कॉफीच्या टेबलावर दोन तट पडले. मर्ल टोबिन प्लास्टिकवाला. तो एल्डनचा शाळेपासूनचा मित्र, चार हजार एकरांचा धनी, आणि आपल्या गाडीतली प्रत्येक वस्तू ही जगातली सगळ्यात शहाणपणाची खरेदी आहे असं मानणारा.

"बारा वर्षं झाली माझ्या प्लास्टिकला," मर्ल म्हणाला. "ओरखडा नाही."

"तुझ्या भुवईला आहे," कुणीतरी म्हणालं. मर्लची डावी भुवई अर्धीच होती. प्लास्टिकच्या अस्तरावर डबा ठेवून त्यात पेट्रोल भरताना प्लास्टिकवर साठलेल्या विजेची ठिणगी उडाली होती. डबा खाली जमिनीवर ठेवायचा असतो, हे पेट्रोलपंपावर ठळक लिहिलेलं होतं, पण त्या मुलखात जड वस्तू उगाच खाली उतरवणं कुणाला पटत नाही.

"भुवईचं काय, मी गुरं राखतो, नाटकात काम करत नाही," मर्ल म्हणाला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी चर्चचं वार्षिक जेवण होतं. भाजलेलं बदक, उकडलेले पिठाचे गोळे, आंबट कोबी आणि कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव. आजूबाजूच्या चाळीस मैलांतून माणसं यायची, आणि चर्चच्या आवारात पन्नास-साठ पिकअप एका रांगेत उभ्या राहायच्या. आर्डिस वाढायला असायची, म्हणून ती दोघं लवकर निघाली. एल्डननं बरोबर एक पिशवी घेतली.

"त्यात काय आहे?"

"कामाचे बूट."

"देवाला दाखवायला?"

"पाय दुखले तर."

पिशवीत कॉफीचा रिकामा डबाही होता, झाकण लावलेला, आणि त्यात पाणी होतं. आर्डिसला ते हलताना ऐकू आलं.

सगळे आत जेवायला बसल्यावर एल्डन बाहेर आला. त्यानं बूट चढवले. तिथं कुणी गाडीला कुलूप लावत नाही आणि दुसऱ्याच्या हौद्यात डोकावणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावण्याइतकंच आहे: हरकत कुणाची नसते, पण कारण असावं लागतं. एल्डनकडे कारण होतं. तो पहिल्या रबराच्या चटईवर चढला, थोडं पाणी ओतलं, खांद्यावर पाइप असल्यासारखा एका बाजूला कलला आणि एका पायावर उभा राहिला. पाय हलला नाही. मग त्यानं तिथंच असलेली एक पेटी ओढून पाहिली. तीही हलली नाही. चटई पायांना धरत होती तशीच सामानालाही धरत होती. आतल्या टोकाची वस्तू काढायची तर दरवेळी वर चढून आत जावं लागणार.

पुढच्या गाडीला फवारलेलं अस्तर होतं. तिथं पाय चिकटल्यासारखा राहिला. गुडघा टेकून बघितला, तर रविवारच्या विजारीला धागे निघाले. तरी त्यानं मनाशी ठरवलं, की हेच. विजारी काय, मिळतात.

तिथंच थांबायला हवं होतं. पण एल्डन काम अर्धं सोडणारा नव्हता. दोन तऱ्हा तपासल्या आणि तिसरी नाही, असं त्याला जमलं नसतं. शिवाय रांगेत पुढची गाडी मर्लची होती आणि तिचा फाळका पाडलेलाच होता. तो चढला, पुढच्या टोकाला केबिनपर्यंत गेला, उरलेलं सगळं पाणी ओतलं आणि एका पायावर उभा राहिला.

मर्ल त्याच वेळी बायको गाडीत विसरलेला केक आणायला बाहेर आला. त्यानं बघितलं आणि ओरडला, "एल्डन! आंघोळीला तुला माझीच गाडी सापडली?"

एल्डन वळला. एकाच पायावर वळता येत नाही, निदान त्या प्लास्टिकवर तर नाहीच. तो बसला आणि बसल्या बसल्या निघाला. आठ फूट गेला, कुठेही न अडकता, वाटेत कशालाही हात न लागता, आणि फाळक्यावरून खाली खडीत येऊन बसला. हे सगळं त्यानं पुरेपूर बघितलं, कारण घाबरायलाही वेळ मिळाला नव्हता.

जेवणघराच्या खिडक्यांत लगेच माणसं जमली. मर्ल धावत आला.

"लागलं का रे?"

"कोपर."

"आणि?"

"आणि जरा अब्रू."

दारात आर्डिस आली. हातात मोठा डाव होता, एप्रन कोबीच्या रसानं ओला. तिनं एल्डनकडे बघितलं, त्याच्या बुटांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं.

"उठता येतंय?"

"येतंय."

"मग ऊठ. गोळे गार होतायत." आणि ती आत गेली.

मर्लनं त्याला हात देऊन उभं केलं आणि मागची खडी झटकली. हळू आवाजात म्हणाला, "हे धरायचं नाही हं. गाडी माझी. काम नव्हतं, रविवार होता. तुझ्या गाडीचं ठरलं होतं तुमचं."

"हौदा म्हणाली होती ती. कुणाचा ते नव्हती म्हणाली."

"तू वकील का झाला नाहीस, बाबा? दोन्ही बाजूंनी तूच बोलला असतास."

जेवताना एल्डनच्या टेबलावर चक्क्यांविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही. एरवी दुसरा विषय नसायचा. ऑक्टोबर म्हणजे प्रत्येक चक्कीचं तेल बदलायचा महिना, थंडी धरायच्या आत. पण त्या दिवशी सगळे बदकाविषयी बोलत होते. शेजारणीनं त्याच्या पानात न मागता दोन कोलाचे वाढले, आजाऱ्याला वाढावे तसे.

घरी जाताना आर्डिस काही बोलली नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. एल्डन वाट बघत राहिला. तीन रँचवरून फोन आले. त्यांना त्यानं सांगितलं, की गाडी अजून तयार नाही. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. शुक्रवारी त्यानं ट्रूडीला फोन करून फवाऱ्याचं नक्की केलं आणि फोन ठेवल्यावर आर्डिस ऐकतेय का ते पाहिलं. ती बटाटे सोलत होती. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्याला कळलं असतं, बेचाळीस वर्षांत तेवढं कळतं. तिच्या मते हात त्यानं दिला होता, तेव्हा बोलायचं ते त्यानं.

शनिवारी दोघं बाजाराला निघाली. त्या भागातली जोडपी महत्त्वाचं बोलणं चालत्या गाडीत करतात. दोघांना समोर बघायला रस्ता असतो आणि उठून जाता येत नाही. सात मैल झाल्यावर एल्डननं सुरुवात केली.

"रविवारचं."

"हं."

"मर्ल म्हणतो, ते धरायचं नाही."

"मर्लनं मला हात दिला नव्हता."

"गाडी माझी नव्हती. पाणीपण मीच ओतलं होतं."

"खरं आहे."

"मग तू काय म्हणतेस?"

"मी काहीच म्हणत नाही. तुला धरायचं तर धर, सोडायचं तर सोड. मी परत हा विषय काढणार नाही." तिनं काच थोडी वर केली. "आणि तोंडही पाडून बसणार नाही. तेवढं मला येतं."

एल्डनला हेच नको होतं. ती भांडली असती तर त्यालाही भांडता आलं असतं. डावीकडे एक चक्की गेली, उजवीकडे दोन. तिन्ही त्याच्या हातच्या. कुठल्या चक्कीचं गेल्या वर्षी काय बदललं, हे त्याला न आठवता आठवत होतं. तो सरळ रस्त्याकडे बघत राहिला.

"पडणं ते पडणं," तो शेवटी म्हणाला.

आर्डिसनं मान हलवली. थोड्या वेळानं तिनं आपला हात त्याच्या दुखऱ्या कोपराच्या जरा अलीकडे ठेवला आणि तिथंच राहू दिला.

"खालची कामं करीन," तो म्हणाला. "पाइप उपसायचे, चामड्याचे वायसर बदलायचे. ते सगळं जमिनीवरून होतं."

"जमिनीवर तुझं काय ते कर. वर कोण चढणार?"

"ज्याची चक्की तो."

"मर्ल? चर्चच्या पन्हळी साफ करताना बघितलंय मी त्याला. शिडी आम्ही चौघींनी धरली होती."

"खालून सांगीन मी."

"आणि हौद्यात? रोज वीसदा चढायचं ते?"

एल्डननं स्टिअरिंग दुसऱ्या हातात घेतलं. कोपर ठणकत होतं. आठवडाभर त्याला ती घसरण आठवत होती. लाज वाटली ती वाटलीच, पण आता त्याला त्या घसरणीतलं दुसरंच काही दिसायला लागलं होतं. बाजाराकडे वळायचं सोडून त्यानं गाडी ट्रूडीच्या दुकानाकडे वळवली.

"सोमवारी आणा म्हटलं होतं, मिस्टर स्लॅडकी," ट्रूडी हात पुसत बाहेर आली. "फवाऱ्याचं सामान अजून उघडलंही नाही."

"उघडू नकोस. प्लास्टिकचं बसव."

ट्रूडीनं आधी त्याच्याकडे आणि मग त्याच्या कोपराकडे पाहिलं. रविवारची बातमी तालुक्यापर्यंत आलेली होती.

"तुम्ही त्याच्यावरच पडलात ना?"

"त्याच्यावरून पडलो. एकशे नव्वद पौंडांचा माणूस या टोकाकडून त्या टोकाला गेला, आणि मला बोटसुद्धा हलवावं लागलं नाही. मग शंभर पौंडांची पेटी का येणार नाही? खाली उभं राहायचं, लांब आकडा टाकायचा आणि ओढायचं. वर चढायचंच कशाला?"

ट्रूडीनं डोकं खाजवलं. "पाच आठवडे न घसरणारं शोधलंत."

"तेव्हा मी हौद्यात उभा राहणार होतो."

ट्रूडीला बाकीचं सांगावं लागलं नाही. ती एकदम कामाचं बोलायला लागली. वळणावर सामान नाचेल, म्हणून मध्ये आडवी फळी बसवायला हवी. प्लास्टिकच्या खाली पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ साठतं आणि पत्रा गुपचूप कुजतो, म्हणून दर वसंतात घमेलं बाहेर काढून खाली धुवायचं. "आणि पेट्रोलचा डबा..."

"जमिनीवर. मर्लची भुवई रोज बघतो मी."

ती केबिनच्या खिडकीशी गेली. "मिसेस स्लॅडकी, तुम्हाला काय वाटतं?"

"त्याला हवं ते बसव," आर्डिस म्हणाली. "रंग कुठला असतो?"

"काळाच येतो."

"मग विचारायचं काय त्यात," आर्डिस म्हणाली, आणि बाजाराची यादी पुन्हा वाचू लागली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एल्डन मर्लच्या पूर्वेकडच्या चक्कीपाशी गेला. वारा होता, पण मोठा नव्हता. पंपाच्या जुन्या गजाला त्यानं वाकवून आकडा केला होता. फाळका पाडून त्यानं आकडा टाकला, आणि हत्यारांची पेटी, तेलाचा डबा, दोराचं भेंडोळं एकामागून एक सरकत त्याच्या पोटाशी आलं. मर्ल ते बघत उभा होता.

"सांगत होतो ना मी बारा वर्षं," मर्ल म्हणाला.

"चढ आता."

एल्डननं ब्रेकचा दांडा ओढून चक्की थांबवली, बांधली आणि आपला पट्टा मर्लच्या कमरेला स्वतः आवळला. पोटामुळे तीन भोकं पुढं घ्यावी लागली. मर्ल चढू लागला. अर्ध्यावर थांबला.

"काय झालं?"

"देखावा बघतोय."

"डोळे मिटून?"

"तुला काय दिसतंय तिथनं?"

"पाय कापताना दिसतायत. उजवा वर घे. आता हात. दर पायरीला तीन ठिकाणी धरलेलं असलं पाहिजे."

मर्ल वर पोचला. एल्डन खालून सांगत होता: पट्टा आधी अडकव, मग झाकण काढ, पाना उलटा फिरव, तळाचं बूच सगळं काढायचं नाही, नुसतं सैल करायचं. सांगताना त्याचे हात आपोआप हवेत फिरत होते, वर असल्यासारखे. दोनदा त्यानं ते खिशात घातले. वर्षभराचं काळं तेल बुचातून सुटलं, आणि वाऱ्यानं त्याची धार मोडून थेंब थेंब करून खाली आणलं. एल्डनच्या टोपीवर, खांद्यावर, चष्म्यावर, आणि मागे उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीच्या टपावर.

"अरे! तेल!"

"मग?" वरून मर्लचा आवाज आला. "दर वर्षी पडतंच की ते. तुला काय वाटलं, तू वर चढलास की आम्ही सगळे गाडीत काचा वर करून का बसायचो?"

सेहेचाळीस वर्षं. एल्डनला वाटायचं, की ही माणसं आळशी आहेत, निदान खाली उभी राहून गप्पा तरी माराव्यात. एकानंही त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याच्याकडून फुकट तेल गाड्यांवर घेतलं आणि गप्प राहिले.

त्यानं चष्मा काढून सदऱ्याच्या आतल्या बाजूला पुसला. मग गाडीत बसला, चक्कीला वळसा घालून ती वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेऊन लावली, खाली उतरला आणि मान वर केली.

"बूच आवळ आता. आणि नवं तेल सावकाश ओत, मर्ल. मी इथंच उभा आहे."